उघडण्याआधी

घरातले एखादे यंत्र बिघडले की त्याच्याबद्दल सर्वांत जास्त माहिती असलेला माणूस घरातच असतो. आपल्याजवळ ती माहिती आहे, एवढेच त्याच्या लक्षात आलेले नसते. बाहेरच्या खोलीतला पंखा गेल्या उन्हाळ्यापासून मंद झाला आहे, बटण लावले की आधी गुरगुरतो आणि मग उचलतो, पाचवर ठेवला तरी तीनसारखा फिरतो, हे सगळे त्या पंख्याखाली रोज झोपणाऱ्याला पाठ असते. मेकॅनिकला यातले काहीच ठाऊक नसते. तो येतो तेव्हा पंखा बंद असतो, त्याच्या हातात जेमतेम अर्धा तास असतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन खणखणत असतो. तरीही आपण त्याला सांगतो काय, तर ‘पंखा खराब झालाय, बघा जरा.’

त्या ‘बघा जरा’च्या जागी काय म्हणता येईल, हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. वाचून झाल्यावर काही जण स्क्रू ड्रायव्हर हातात घेतील, काही जण घेणार नाहीत. माझ्या लेखी दोघांचाही फायदा आहे. कारण दुरुस्तीतले खरे काम बिघाड शोधण्याचे आहे. बिघाड सापडला की पार्ट बदलणे ही उरलेली किरकोळ गोष्ट असते आणि ती कोणी करायची, हे ज्याने त्याने ठरवावे.

छताच्या पंख्याचेच घ्या. जुन्या धर्तीच्या पंख्याच्या मोटरीत तांब्याच्या तारेची दोन वायंडिंग असतात, एक मुख्य आणि एक सहायक. सहायक वायंडिंगला वीज मिळते ती कपॅसिटरमधून. कारागीर त्याला अजूनही कंडेन्सरच म्हणतात. कपॅसिटरमुळे त्या वायंडिंगमधला प्रवाह मुख्य प्रवाहाच्या पुढे सरकतो आणि दोघांमधल्या या अंतरामुळेच मोटरीत फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. घरगुती पंख्याला बहुधा 2.5 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, काहींना 3.15 चा. उष्णतेने आणि वयाने त्याची क्षमता घटत जाते. 2.5 चा 1.5 झाला की पंखा संथ होतो. आणखी घटला की नुसता गुरगुरतो आणि काठीने पाते ढकलले तरच फिरू लागतो. हा काठीचा उपाय अनेक घरांत महिनोन्महिने चालू असतो, त्यासाठी कपाटामागे एक काठीही राखून ठेवलेली असते. गंमत अशी की त्या घरातल्यांनी नकळत बरेचसे अचूक निदान केलेले असते. ढकलल्यावर फिरतो, म्हणजे मुख्य वायंडिंग शाबूत आहे आणि बेअरिंग जाम झालेले नाही. संशय उरतो तो कपॅसिटरवर, क्वचित सहायक वायंडिंगवर. आणि कपॅसिटर शंभर रुपयांच्या आत येतो.

मात्र पंखा मंद झाला की लगेच कपॅसिटर आणायला पळू नये. आधी रेग्युलेटर फिरवून पाहावा. हल्लीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या रेग्युलेटरमध्येही कपॅसिटरच असतात आणि पाचव्या पायरीला पंख्याला थेट वीज मिळते. पाचवर पंखा जोरात आणि दोन-तीनवर विचित्र वागत असेल, तर दोष भिंतीवर आहे, छतावर नाही. पाचवरही तो मरगळलेलाच असेल, तर वर पाहायचे. आणि संध्याकाळी सात ते दहा या वेळात घरातले सगळेच पंखे मरगळत असतील, ट्यूब लागायला वेळ घेत असेल, तर दोष घरातच नाही. व्होल्टेज कमी येते आहे. लक्षण तेच, कारणे तीन. ती वेगळी करायला हत्यार लागत नाही, शिडीही लागत नाही, लक्ष देऊन पाहावे मात्र लागते.

म्हणूनच या पुस्तकातल्या प्रत्येक प्रकरणाची सुरुवात प्रश्नांनी केली आहे. बिघाड एकदम झाला की हळूहळू? एकदम बंद पडलेल्या यंत्रात बहुधा काहीतरी तुटलेले असते, म्हणजे वायर, फ्यूज किंवा हीटिंग एलिमेंट. हळूहळू मंदावलेल्या यंत्रात काहीतरी झिजलेले, सुकलेले किंवा साचलेले असते, जसे कार्बन ब्रश, कपॅसिटर, बोअरच्या पाण्यामुळे गिझरमध्ये जमलेला क्षाराचा थर. थंड असताना चालते आणि थोड्या वेळाने बंद पडते का? मग तापल्यावर सैल होणारा सांधा शोधायचा. वायर हलवली की सुरू होते का? मग वायर जिथे यंत्रात शिरते तिथेच पाहायचे, कारण इस्त्रीची किंवा मिक्सरची वायर मधोमध सहसा तुटत नाही, रोज वाकते तिथेच तुटते. बिघाडाच्या आदल्या दिवशी घरात काय झाले होते, हाही प्रश्न महत्त्वाचा. लाइट जाऊन आली होती का, यंत्र पडले होते का, ओट्यावर पाणी सांडले होते का, घराला रंग दिला होता का? रंगकामानंतर पंखा डुलायला लागला, तर रंगाऱ्याने दोन पंख्यांची पाती आपापसांत बदलून बसवली असण्याची दाट शक्यता असते. एका पंख्याची तीन पाती एकमेकांशी वजनाने जुळवलेली असतात. त्यातले एक पाते शेजारच्या खोलीत गेले की दोन्ही पंखे झोके घेऊ लागतात.

दुसऱ्या सॉकेटला लावून पाहिले का, हा तर इतका बाळबोध प्रश्न आहे की तो विचारताना संकोच वाटतो. पण दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या वस्तूंत धडधाकट वस्तू पुष्कळ असतात. बिघडलेला असतो तो घरचा बोर्ड. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात तर स्विचमध्ये मुंग्या घर करतात आणि वॉशिंग मशिनच्या सर्किटवर पाल सापडते. तिथले मेकॅनिक मशिनला हात लावण्याआधी बोर्ड उघडतात, ते उगाच नाही.

आता मिक्सर. याच्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण मराठी घरात सर्वांत जास्त राबणारे आणि सर्वांत जास्त चुकीचे निदान होणारे यंत्र हेच आहे. ओले खोबरे, भिजवलेली डाळ किंवा इडलीचे पीठ वाटताना मिक्सर मधेच थांबला, तर पहिल्यांदा प्लग काढून त्याला आडवा करावा आणि तळाचे लाल बटण पाहावे. मोटरीवर ताण आला की ते आपोआप बाहेर येते आणि वीज तोडते. काही वेळ थंड होऊ द्यावा, बटण आत दाबावे, भांड्यातले अर्धे वाटण काढून ठेवावे आणि पुन्हा लावावा. एवढ्यावर काम भागत असताना ‘मोटर गेली’ म्हणून मिक्सर पिशवीत घालून दुकानात नेणारी माणसे कमी नाहीत. मोटर फिरते आहे, आवाज येतो आहे, पण पाते फिरत नाही, असे असेल तर कपलरचे दाते झिजलेले असतात. मोटरीवरचा कपलर काढताना अनेकांचा दम निघतो. त्याचे आटे अशा दिशेने पाडलेले असतात की मिक्सर चालताना तो घट्टच होत जावा. त्यामुळे मोटरीचा दांडा धरून ठेवून कपलर मोटर फिरते त्याच दिशेला फिरवला की तो सुटतो. उलट्या दिशेने जोर लावला तर तुटतो.

पण मिक्सरची खरी गोष्ट भांड्यात असते. भांडे रिकामे करून, धुऊन, कोरडे करून उजेडात उलटे धरा. खाली मधोमध कपलर दिसतो. पात्याचा दांडा ज्यातून वर जातो ती नळी म्हणजे बुश. कपलर दोन बोटांत धरून आडवा हलवून पाहा. तो खडखड हलला, तर बुश झिजला आहे. त्याच्याभोवती काळपट, ओशट कडे असेल किंवा तांबूस पाणी सुकल्याचे ओघळ असतील, तर भांडे गळते आहे. हे पाणी जाते कुठे? थेंब थेंब मोटरीवरच्या कपलरवर, तिथून दांड्यावरून खाली बेअरिंगमध्ये आणि शेवटी वायंडिंगवर. मिक्सर चालताना आवाज आधी घासल्यासारखा होतो, मग कर्कश होतो, आणि एक दिवस धूर निघतो. गिऱ्हाईक दुकानात येते तेव्हा मोटर जळालेली असते, पण आजाराची सुरुवात कितीतरी आधी त्या बुशाजवळ झालेली असते. मोटर नवी घातली आणि भांडे तेच ठेवले, तर नवी मोटरही त्याच वाटेने जाते. स्वस्तातला बुश वेळेवर बदलला असता तर मोटर वाचली असती, हे नंतर कोणी सांगत नाही.

मिक्सरच्या आवाजातला हा फरक सर्वांत आधी त्याच्यावर रोज चटणी वाटणाऱ्या बाईला कळतो, आणि मेकॅनिकशी बोलायला बहुधा पुरुष जातो. माहिती स्वयंपाकघरात राहते आणि दुकानात पोचते ती ‘आवाज येतो’ एवढ्यावर. दुरुस्ती ही पुरुषांची कामगिरी समजली गेल्यामुळे आपल्याकडे जेवढी यंत्रे अकाली भंगारात गेली असतील, त्यांचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. या पुस्तकातली उदाहरणे मी मुद्दाम ओट्यापासून सुरू केली आहेत.

आणि भारतीय मिक्सरचा इतिहासच मुळी न झालेल्या दुरुस्तीपासून सुरू होतो. 1960 च्या दशकात मुंबईत माधुरी माथुर यांचा ब्राऊन कंपनीचा जर्मन मिक्सर जळाला आणि भारतात त्याच्या दुरुस्तीची सोय नव्हती. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सिमेन्समध्ये इंजिनिअर होते. परदेशी मिक्सर क्रीम घुसळण्यासाठी आणि केकचे मिश्रण फेटण्यासाठी बनवलेला, त्याच्याकडून आपण सुके मसाले आणि भिजवलेली डाळ-तांदूळ वाटून घेणार, म्हणजे मोटरीचे मरण ठरलेलेच. माथुरांनी भारतीय वाटणाला पुरून उरेल अशी मोटर स्वतः बनवायला घेतली आणि त्यातून ‘सुमीत’ मिक्सर आला. जळालेले यंत्र टाकून दुसरे आणण्याऐवजी ते का जळाले, हा प्रश्न एका इंजिनिअरने विचारला, आणि देशातल्या स्वयंपाकघरांतला पाटा-वरवंटा हळूहळू भिंतीला टेकला.

‘का जळाले’ हा प्रश्न दुकानदार का विचारत नाही, याचे उत्तर आपल्या पैसे देण्याच्या सवयीत आहे. पार्टचे पैसे आपण बिनतक्रार देतो. शोधण्याचे पैसे द्यायची वेळ आली की ‘पन्नासचा तर पार्ट, मग अडीचशे कसले?’ असा वाद घालतो. ते दोनशे रुपये नेमका तोच पार्ट ओळखण्याचे असतात, हे आपल्या गळी उतरत नाही. मग कारागीरही शहाणा होतो. शोधत बसण्यापेक्षा अख्खा बोर्ड बदलतो, अख्खी मोटर बदलतो, कारण मोठ्या पार्टमध्ये त्याची मजुरी निमूटपणे बसते. सरसकट सगळे मेकॅनिक लुबाडतात, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. आपणच त्यांना निदानाऐवजी सामान विकायला लावले आहे. चांगला मेकॅनिक मिळाला तर त्याने काही न बदलता नुसता सांधा घट्ट करून दिला, तरी त्याला पूर्ण मजुरी द्यावी.

आता हत्यारांविषयी. दोन-तीन मापांचे स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड, वायर सोलायचे कटर आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर, एवढ्यावर या पुस्तकातले बहुतेक काम होते. मल्टिमीटरची भीती बाळगू नये. पहिले काही महिने तो फक्त प्लग काढलेल्या वस्तूंवर वापरावा, कंटिन्युइटी आणि ओहम या दोनच खुणांवर. इस्त्री तापत नाही? प्लग काढा, थर्मोस्टॅटची चकती ‘बंद’वरून पूर्ण फिरवा आणि पिन टॉपच्या दोन बारीक पिनांवर मीटरच्या सुया टेकवा. 1000 वॉटची इस्त्री असेल तर साधारण 53 ओहम दिसायला हवेत (230 चा वर्ग भागिले 1000, शाळेतलाच हिशेब). आकडा जवळपास आला, तर इस्त्री ठीक आहे, सॉकेट पाहा. मीटर काहीच दाखवत नसेल, तर सुया तशाच ठेवून कोणाला तरी वायर इस्त्रीजवळ वाकवायला सांगा. आकडा चमकून गेला की वायर तुटलेली आहे. चमकलाच नाही, तर थर्मोस्टॅट, थर्मल फ्यूज आणि एलिमेंट या क्रमाने आत शिरायचे. आणखी एक मोजमाप विसरू नये. एक सुई जाड पिनेवर, म्हणजे अर्थिंगवर, आणि दुसरी बारीक पिनेवर ठेवली तर मीटरने काहीही दाखवता कामा नये. दाखवले, तर वीज इस्त्रीच्या पत्र्यापर्यंत पोचते आहे. ती इस्त्री चालत असली तरी बाजूला ठेवावी.

दुकानदारांकडे आणखी एक हत्यार असते, ते म्हणजे सिरीज बोर्ड. सॉकेटच्या वाटेत साखळीने जोडलेला एक 100 वॉटचा तारेचा बल्ब, बस. संशयित वस्तू त्या सॉकेटला लावली आणि बल्ब भगभगीत पेटला, तर आत शॉर्ट आहे. तरीही ना फ्यूज उडतो, ना ठिणगी पडते, कारण बल्ब अर्ध्या अँपिअरच्या आतच प्रवाह जाऊ देतो. भली मोठी इस्त्री किंवा गिझर लावला तरीही तो जोरात पेटतो, हे लक्षात ठेवून निष्कर्ष काढावा लागतो. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. तारेचे बल्ब दुकानांतून दिसेनासे होत चालले आहेत, घरात एखादा उरला असेल तर टाकू नका.

टेस्टरबद्दल मात्र माझे मत वाईट आहे. खिशाला लावायचा तो दिव्याचा टेस्टर फेज आहे का, एवढे सांगतो. न्यूट्रल तुटली आहे का, हे तो सांगत नाही. आणि तो पेटला नाही म्हणजे वायर मेलेली आहे, हे तर अजिबात धरून चालू नये. चप्पल, कोरडी लाकडी शिडी, उजेड, सगळ्यांनी तो फसतो. बटण बंद केले म्हणजे वीज बंद झाली, हा दुसरा भ्रम. वायरिंग करताना कोणी स्विच चुकून न्यूट्रलवर टाकला असेल, तर बटण बंद असतानाही वस्तूपर्यंत फेज येऊन थांबलेली असते. म्हणून नियम एकच आहे आणि त्याला अपवाद नाही. प्लग असलेल्या वस्तूचा प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवायचा. पंखा, ट्यूब, गिझर यांना हात लावण्याआधी मेन स्विच बंद करायचा आणि घरातल्या सगळ्यांना तसे सांगून ठेवायचे. पंख्याच्या कपॅसिटरबद्दल सांगायचे ते इतकेच की तो काढल्यावर त्याची दोन टोके इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने जोडून घ्यावीत, मग हात लावावा.

काही यंत्रे या पुस्तकात जाणूनबुजून घेतलेली नाहीत. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये दोन हजार व्होल्टच्या पुढे जाणारा कपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यावरही तो भरलेला राहू शकतो. ज्यांनी हे काम शिकून घेतले आहे त्यांच्यावरच तो सोपवावा. जुन्या काचेच्या पडद्याच्या टीव्हीत पंचवीस हजार व्होल्टपर्यंत मजल जाते. नव्या फ्रिजमध्ये बहुधा आर-600ए हा वायू असतो, म्हणजे आयसोब्युटेन. तो पेट घेतो, त्यामुळे फ्रिजच्या गॅसच्या नळ्यांना घरी हात लावायचा नाही. फुगलेली लिथियम बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही. इंडक्शन शेगडी, टीव्हीचा पॉवर सप्लाय, संगणकाचा एसएमपीएस यांच्यात सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो. त्यांची फक्त बाहेरून करायची तपासणी दिली आहे. यात काय गंमत, असे कोणाला वाटेल. वाटू द्या.

नव्या यंत्रांनी जुने ज्ञान थोडे मोडीतही काढले आहे. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांवर तारांकनाचे लेबल सक्तीचे झाले आणि बीएलडीसी पंखे घरोघर येऊ लागले. जुना पंखा 75 वॉटच्या आसपास वीज खातो, हा 30 ते 35 मध्ये तेवढीच हवा देतो. पण त्यात तो ओळखीचा अडीचचा कपॅसिटर नाही. चुंबक, वायंडिंग आणि ते चालवणारे एक सर्किट आहे. सर्किट गेले की काठीने ढकलून उपयोग नाही. एलईडी बल्बचेही तसेच. आतले एलईडी साखळीने जोडलेले असतात आणि एकावर काळा ठिपका पडला की सगळा बल्ब अंधारात जातो. तो ठिपका पाहून निदान होते, पण बल्ब उघडून चालू ठेवलेला असताना आतली प्रत्येक गोष्ट थेट मेनच्या विजेला जोडलेली असते, म्हणून हा उद्योग मी शिफारशीत घेतलेला नाही.

एके काळी व्हॉल्व्हच्या अनेक रेडिओंच्या मागच्या झाकणावर आतून सर्किटचा नकाशा चिकटवलेला असे. बनवणाऱ्याने हे धरून चाललेले असे की ही वस्तू कधीतरी कोणीतरी उघडणार. आज त्या जागी डिंक आहे, दाबून बसवलेले प्लॅस्टिक आहे, तीन धारांचे आणि पाच पाकळ्यांचे स्क्रू आहेत. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे तिच्यापुढे ठेवली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टल सुरू केले. पाऊल चांगले आहे. पण मला विचाराल तर पोर्टलपेक्षा दोन गोष्टी जास्त उपयोगाच्या होतील: पार्ट सुटे मिळणे आणि सर्किटचा नकाशा वस्तूबरोबर मिळणे. दुसरी गोष्ट तर कंपन्या पूर्वी मागितल्याशिवाय देत होत्या.

पार्ट मिळण्याच्या बाबतीत मुंबई-पुण्याचे लोक सुखी आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, इथे कपलर, बुश, ब्रश, थर्मोस्टॅट यांचे इतके प्रकार मिळतात की नवखा माणूस गांगरून जातो. तिथे जाताना मॉडेलचे नाव पाठ करून जाऊ नये. जुना पार्ट खिशात घालून जावे आणि काउंटरवर ठेवावा. दुकानदार नावापेक्षा नमुन्यावर विश्वास ठेवतो. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी स्थानिक रिवाइंडिंगवाल्याशी ओळख ठेवावी. त्याच्या फळीवर मेलेल्या मिक्सरांचे जे अवशेष पडलेले असतात, त्यांतून निघालेला पार्ट कित्येकदा बाजारातल्या नव्या पार्टपेक्षा सरस असतो.

दुरुस्ती कधी करू नये, हेही जागोजागी लिहिले आहे. वॉरंटी असेल तर स्क्रूला हात लावण्याआधी बिल शोधा. स्वस्त मिक्सरची मोटर रिवाइंड करण्यात सहसा अर्थ नसतो. रिवाइंड केलेला पंखा पहिल्याइतकी हवा देईलच, याची खात्री नसते. गिझरची टाकी गळू लागली की वाद संपला.

पुस्तकाची मांडणी यंत्रांप्रमाणे न करता लक्षणांप्रमाणे केली आहे. अजिबात चालत नाही, चालते पण काम करत नाही, मधेच थांबते, वास येतो, झिणझिण्या येतात, या क्रमाने. त्यामुळे मिक्सर तुम्हाला तीन-चार ठिकाणी भेटेल. शेवटचे प्रकरण, झिणझिण्यांचे, सर्वांत आधी वाचले तरी चालेल. किंबहुना तसेच वाचा.

आणि पुढचे पान उलटण्यापूर्वी एक काम करा. घरातल्या मुख्य बोर्डात आरसीसीबी बसवलेला आहे का, ते पाहा. त्याच्यावर 30 एमए असे लिहिलेले असते आणि ‘टी’ अक्षराचे एक छोटे बटण असते. शेजारचे एमसीबी वायरिंगला जळण्यापासून वाचवतात, माणसाला नाही. 6 किंवा 16 अँपिअरची वाट पाहणारा स्विच माणसासाठी फार उशिरा पडतो. आरसीसीबी मात्र अंगातून वीज जमिनीकडे वाहू लागली की क्षणात वीज तोडतो. ते ‘टी’ बटण दाबा. खटका तत्काळ पडला पाहिजे. पडला नाही, किंवा बोर्डात आरसीसीबीच नसेल, तर हे पुस्तक बाजूला ठेवा आणि आधी वायरमनला बोलवा.